लीजचा प्लॉट, अभय योजना आणि बिल्डरचा प्रस्ताव (नागपूर)

धंतोलीचा_नातू

मंडळी, जरा सविस्तर लिहितोय, कारण अर्धवट माहितीवर सल्ला मागितला तर सल्लाही अर्धवटच मिळतो.

धंतोलीत आजोबांनी बांधलेलं दुमजली घर आहे. प्लॉट साधारण ३०० चौरस मीटर, नझूलचा (म्हणजे शहरातली सरकारी जमीन), निवासी लीज. आजोबा गेले, मग बाबा गेले. आखीव पत्रिकेवर (जमिनीच्या नोंदीचा सरकारी उतारा) आता आई, आम्ही दोघं भाऊ आणि आत्याची मुलं, अशी सगळी नावं चढली आहेत. लीजची मुदत कधीच संपलीय आणि नूतनीकरण झालेलं नाही. बाबा असेपर्यंत कोणी विचारलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

आता एक बिल्डर मागे लागलाय. जुनं घर पाडून पाच मजले, आम्हाला तीन फ्लॅट आणि वर थोडी रक्कम. कागद पाहिल्याबरोबर त्याची पहिली अट आली: “आधी फ्रीहोल्ड करून आणा, मग बोलू.” म्हणजे लीज काढून जमीन मालकीची करून घ्या. लीज संपलेल्या जागेवर बँक कर्ज देत नाही म्हणतो, आणि ते खरंच आहे, मीही दोन ठिकाणी विचारून पाहिलं.

गंमत म्हणजे हाच माणूस दुसऱ्या बैठकीत म्हणाला, “तुम्ही फक्त सह्या द्या, फ्रीहोल्डचं आम्ही करून घेऊ, खर्च तुमच्या हिश्श्यातून वळता करू.” तिथे आईने चहाचे कप उचलले आणि बैठक आटोपली.

तर प्रश्न असे. लीजची नझूल जमीन मालकीची करून देणारी शासनाची अभय योजना आहे, तिच्यात भरायची रक्कम नेमकी कशावर काढतात? पुनर्विकासाचा करार आधी करावा की फ्रीहोल्ड आधी? आणि तळमजल्यावर बाबांनी एका डॉक्टरांना दवाखान्यासाठी जागा भाड्याने दिली होती, ती अजून चालू आहे. त्याने काही अडचण येते का?

—

निवृत्त_भूमापक

नातू, तुमचा प्रश्न स्पष्ट आहे म्हणून उत्तर देणं सोपं. पण हा धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी आधी एक गोष्ट. नागपुरात ‘लीजचा प्लॉट’ म्हटलं की लोक सगळ्यांना एकच नियम लावतात, आणि निम्मे अर्ज त्यामुळेच चुकीच्या टेबलावर जातात. इथे जमिनीचे मालक निदान तीन. पहिला शासन, म्हणजे जिल्हाधिकारी. नझूल ते हे. दुसरा नागपूर सुधार प्रन्यास (शहर विकासाची संस्था), १९३६ च्या स्वतंत्र कायद्याने आलेला. तिसरी महापालिका. तिघांचे कायदे वेगळे, दर वेगळे, सवलती वेगळ्या. अभय योजना आहे ती फक्त पहिल्यासाठी, त्यातही निवासी प्रयोजनाच्या भाडेपट्ट्यांसाठी आणि फक्त नागपूर व अमरावती विभागात.

विदर्भालाच का, असं पुण्यामुंबईचे लोक नेहमी विचारतात. १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले वारले, डलहौसीने दत्तक मानला नाही आणि राज्य खालसा झालं. शहरातली मोकळी आणि सरकारजमा जमीन इंग्रजांनी स्वतःकडे ठेवली आणि मध्य प्रांताच्या नियमांनी ती पट्ट्याने द्यायला सुरुवात केली. १९५६ पर्यंत आपण त्या प्रांताची आणि मग मध्य प्रदेशाची राजधानी. त्यामुळे इथली जमीन मुंबई इलाख्याच्या पद्धतीत कधी बसलीच नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चा, अंमल १९६७ पासून. तोवर इथले पट्टे दोन-दोन पिढ्यांचे जुने झाले होते. नियम नवे आणि कागद जुने, हा घोळ तेव्हापासूनचा.

आता दर. राज्यभरासाठी ८ मार्च २०१९ चे नियम आले: भोगवटादार वर्ग-२ (हस्तांतरणावर सरकारी निर्बंध असलेल्या) आणि भाडेपट्ट्याच्या जमिनी वर्ग-१ (पूर्ण मालकीच्या, म्हणजे तुमचं फ्रीहोल्ड) करण्याचे. निवासी भाडेपट्ट्याला सवलतीच्या काळात बाजारमूल्याच्या २५ टक्के, सवलत संपली की ७५ टक्के. नझूलला मात्र वेगळी, फार हलकी वागणूक. आधी ५ टक्के होते. २०२४ च्या विशेष अभय योजनेत ते २ टक्के केले. मुदत ३१ जुलै २०२५ होती, ती पुढे वर्षभर वाढवली.

हिशोब घाला. उदाहरणादाखल वार्षिक मूल्यदर तक्त्यात (रेडी रेकनर) तुमच्या भागाचा जमिनीचा दर चौरस मीटरला ५०,००० धरू. ३०० मीटरचे झाले दीड कोटी. २ टक्क्यांनी ३ लाख. ५ टक्क्यांनी साडेसात लाख. हीच जमीन नझूल नसून राज्यात दुसरीकडचा सरकारी भाडेपट्टा असती तर २५ टक्क्यांनी साडेसदतीस लाख. तक्त्यातला तुमचा खरा दर घालून आकडा बदला, प्रमाण तेच राहील. थकलेलं भूभाटक (जमिनीचं भाडं) वेगळं, ते यात धरलेलं नाही.

दवाखान्याचं खाली लिहितो, हात दुखले.

—

मोर्चा_पॉइंट

अवांतर: दर डिसेंबरात अधिवेशन इथे भरतं, दर डिसेंबरात कोणीतरी नझूलचा प्रश्न मांडतं, आणि दर डिसेंबरात आपण रस्ते बंद म्हणून शिव्या घालत घरी जातो. या वेळी निदान काहीतरी पदरात पडलं. नातू, बिल्डरला बाजूला ठेवा आणि आधी पैसे भरा. योजना वाढते म्हणून दर वेळी वाढेलच असं नाही.

—

निवृत्त_भूमापक

दवाखाना. हाच तुमच्या केसमधला खरा दगड. पट्टा निवासी आणि तळमजल्यावर वैद्यकीय व्यवसाय, म्हणजे कागदावर शर्तभंग. धंतोलीत हे घरोघरी आहे. राहत्या बंगल्यांचे दवाखाने झाले, दवाखान्यांची रुग्णालयं झाली आणि संध्याकाळी तिथे स्कूटर लावायला जागा नाही, हे सगळं शहर बघतं. पण स्थळपाहणीला माणूस आला की तो तेच लिहिणार जे त्याला दिसतं.

लपवू नका. डॉक्टरांची भाडेपावती तुमच्याकडे असेल, त्यांच्या नावाचा फलक असेल, वीज मीटर व्यापारी दराचं असेल. अर्जात ‘संपूर्ण निवासी’ लिहायचं आणि पाहणीत फलक दिसायचा, यापेक्षा आधीच किती क्षेत्र कशाला वापरात आहे ते लिहून द्या. शर्तभंग नियमित करायला दंड भरावा लागला तर तो परवडतो. चुकीचं प्रतिज्ञापत्र नाही परवडत.

दुसरं, करार आधी की फ्रीहोल्ड आधी. महसूल अधिनियमाचं कलम ३७-अ वाचा. शासनाने पट्ट्याने वा कब्जेहक्काने दिलेल्या जमिनीची विक्री, हस्तांतरण, पुनर्विकास, वाढीव एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येतं ते प्रमाण) वा टीडीआरचा (दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क) वापर, वापरबदल, या सगळ्याला शासनाची पूर्वपरवानगी आणि अधिमूल्य (प्रीमियम), असा त्याचा आशय. वर्ग-१ होण्याआधी तुम्ही विकसन करारावर आणि मुखत्यारपत्रावर सह्या केल्यात तर समोरचा उद्या म्हणेल, हे हस्तांतरणच आहे. मग ३ लाखांचं काम कुठल्या कुठे जाईल. तुमच्या आईंनी कप वेळेवर उचलले.

—

लक्ष्मीनगरवाला

आमचा प्रन्यासचा प्लॉट. तीस वर्षांचं लीज, मग नूतनीकरण, मुलाच्या नावावर करायचं तर हस्तांतरण शुल्क, मजला चढवायचा तर ना हरकत. शेजारच्या गल्लीत नझूलवाले २ टक्के भरून मालक होणार आणि आम्ही १९८३ च्या भूखंड वाटप नियमांखाली जन्मभर भाडेकरू. जमीन दोन्हीकडे सरकारी, मग फरक कशाचा?

प्रन्यास बरखास्त होणार हे डिसेंबर २०१६ मध्ये ऐकलं होतं. पुढच्या वर्षी महानगर प्राधिकरण आलं. प्रन्यास आहे तिथेच आहे. आमची चलनं अजून त्याच नावाने निघतात.

—

फुटाळ्याची_हवा

सगळे दर मोजून राहिलेत म्हणून विरोधात बोलायचं धाडस करतो. शिव्या पडतील.

दीड कोटीची सार्वजनिक जमीन ३ लाखांत. नातूंना नाही म्हणत, त्यांचं घर आहे, राहोत. पण ज्या क्षणी ती वर्ग-१ झाली त्या क्षणी ती पाच मजल्यांची होणार, हे त्यांच्याच पहिल्या पोस्टमध्ये लिहिलेलं आहे. म्हणजे शासनाने सूट दिली राहणाऱ्याला आणि ती वसूल करणार बिल्डर, फ्लॅटच्या किमतीत. शहराला काय मिळालं? एक बाग नाही, एक पार्किंगची जागा नाही, स्वस्त घर एकही नाही. तीच गटारं, तोच रस्ता आणि त्यावर चौपट माणसं.

पट्ट्याचा अर्थच असा होता की जमीन समाजाची, वापर तुमचा. तो संबंध तोडायचा असेल तर जाताना काहीतरी मागून घ्यायला हवं होतं.

—

धंतोलीचा_नातू

फुटाळा, शिव्या नाही, पण एक बाजू ऐका. आजोबांनी ही जागा फुकट घेतलेली नाही, त्या काळी अधिमूल्य भरलं होतं. पावती आहे. घर त्यांनी बांधलं, नगरपालिका कर तीन पिढ्या भरतोय. आणि ज्या जमिनीवर समाजाचा हक्क म्हणता, तिथे समाजाने इतकी वर्षं भूभाटकाची मागणीसुद्धा धड पाठवली नाही.

पण तुमचा मुख्य मुद्दा मला पटतो, आणि तो या योजनेतला खरा खड्डा आहे असं मीही आता मानतो. जो माणूस घरात नुसता राहणार आहे आणि जो पाडून पाच मजले चढवणार आहे, दोघांना २ टक्केच. माझ्या आईसारख्या बाईला लीज संपल्याची जी भीती असते ती जायलाच हवी, त्यासाठी २ काय, १ टक्का घ्या. पण मी उद्या त्यावर इमारत उभी करून तीन फ्लॅट घेणार असेन तर त्या वाढीव बांधकामावर शासनाने वेगळं मागावं, आणि ते धंतोलीतच खर्च करावं. पार्किंगवर करा, नाल्यावर करा. कायद्यात ३७-अ कलमाने हाच विचार केलेला दिसतो: पुनर्विकास वेगळा, मालकी वेगळी. आणि मग अभय योजनेने मालकीच देऊन टाकली की ३७-अ लागायला जागाच उरत नाही. एका हाताने बांधलेली गाठ दुसऱ्या हाताने सोडल्यासारखं झालं.

हे मी माझ्या फायद्याच्या विरुद्ध लिहितोय. अर्ज मात्र करणार.

—

इतवारीतला_गाळा

तुमचं बरं हाय भाऊ, तुमाले २ टक्के एकदाच. आमाले महापालिकेचा गाळा. २०१९ मध्ये राज्याने नवे नियम काढले, मनपाच्या मिळकतीचं भाडं बाजारमूल्याच्या ८ टक्के, दर वर्षी! व्यापारी रस्त्यावर आले तेवा कुठं २०२३ मध्ये कमी झालं, निवासी-शैक्षणिकले अर्धा टक्का, व्यापारी ०.७ टक्का. मधल्या काळात जे बिल निघालं त्याचं काय विचारू नका. माझ्या बाजूच्या गाळ्यात बुढा माणूस, त्याले नोटीस वाचून झोप नाही लागली.

आणि वरून मार्केटचा पुनर्विकास करून राहिले म्हणतात. करा ना बाप्पा! पण पाडल्यावर आमी कुठं बसायचं, नव्या इमारतीत तळमजला आमाले भेटते की तिसरा माळा, हे कोणी लिहून देत नाही. किराणा घ्यायले तिसऱ्या माळ्यावर कोणी काहून चढंल?

—

निवृत्त_भूमापक

गाळा, तुमचा मालक महापालिका, म्हणून तुम्हाला महानगरपालिका अधिनियमाचं कलम ७९ लागतं, मिळकतीच्या विल्हेवाटीचं. पूर्वी नागपूर महापालिकेला १९४८ चा स्वतःचा कायदा होता, नंतर ती राज्याच्या सर्वसाधारण कायद्याखाली आली. जुने करार त्या जुन्या कायद्याखालचे असतात. तुमच्या कराराची तारीख आणि त्यातली नूतनीकरणाची अट बघा. पुनर्विकासात कुठला मजला, किती चौरस फूट, मधल्या काळात पर्यायी जागा कुठे, हे गाळेधारकांच्या संघटनेने पाडण्याच्या आधी नोंदणीकृत करारात घालून घ्यायचं. पाडल्यावर तुमच्या हातात काहीच उरत नाही.

—

तकियाची_पोरगी

मी धंतोलीतलीच आहे, पण बंगल्यातली नाही. वस्तीतली.

इथे सगळे २ टक्के, २५ टक्के बोलताहेत. आमच्यासारख्या वस्त्यांना १ जानेवारी २०११ च्या आधीचं राहणं दाखवायचं असतं. मतदार यादी, वीजबिल, शाळेचा दाखला, सगळं. मग मोजणी. मग पट्टा. भाषणात त्याला मालकी पट्टा म्हणतात, कागद मात्र भाडेपट्ट्याचाच. म्हणजे बघा, बंगलेवाल्याचा भाडेपट्टा संपला तर तो मालक होतो, आणि आम्ही तीस वर्षं राहून भाडेपट्ट्यापर्यंत पोहोचलो तर साखर वाटतात.

राग नाही. पट्टा हवाच आहे. माझ्या आईला बँकेने दारात उभं केलं नव्हतं, पट्टा मिळालेल्या मावशीला घरकुलाचं अनुदान मिळालं, पक्की भिंत झाली. पण फुटाळा दादा ज्या स्वस्त घरांबद्दल विचारतात ती कोणासाठी हे या धाग्यात कोणीतरी लिहायला हवं होतं, म्हणून लिहिलं.

—

फुटाळ्याची_हवा

ताई, शंभर टक्के. माझा मुद्दा तुम्ही माझ्यापेक्षा चांगला मांडला.

—

आर्किटेक्ट_रामदासपेठ

राजकारण तुम्ही करा, मी मापं सांगतो. नातू, बिल्डर पाच मजले म्हणतोय ते आधी तपासा. डिसेंबर २०२० पासून राज्याची एकत्रित विकास नियमावली लागू आहे, नागपूरलाही. दाट वस्तीचा भाग सोडला तर मूळ एफएसआय १.१. त्यावर अधिमूल्य भरून मिळणारा आणि टीडीआर, हे दोन्ही रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून. ९ मीटरपेक्षा अरुंद रस्ता असेल तर यातलं काही मिळत नाही. याशिवाय निवासी बांधकामाला ६० टक्क्यांपर्यंत पूरक एफएसआय, तोही अधिमूल्य भरूनच.

धंतोलीच्या आतल्या गल्ल्यांत मी टेप घेऊन हिंडलोय. कागदावर ९ मीटर असलेला रस्ता जागेवर साडेसात भरतो, कारण दोन्हीकडच्या भिंती पुढे सरकल्यात. विकास आराखड्यात काय लिहिलंय आणि मंजूर लेआउटमध्ये काय आहे, दोन्ही बघा. माझा अनुभव असा की तीन फ्लॅटचा शब्द देणाऱ्याने रस्ता मोजलेला नसतो. रस्ता मोजल्यावर तीनाचे दोन होतात, आणि तोवर तुम्ही घर रिकामं केलेलं असतं.

पार्किंगही विसरू नका. ३०० मीटरच्या प्लॉटवर पाच मजल्यांच्या गाड्या स्टिल्टमध्ये (तळाच्या खांबांमधल्या मोकळ्या जागेत) मावतात का, हे एका कागदावर काढून पाहा. दहा मिनिटांचं काम आहे.

—

प्रतापनगर_अपार्टमेंट

थोडं वेगळं. आमची बारा फ्लॅटची इमारत, १९८० च्या दशकातली, खांबांतून लोखंड दिसायला लागलंय. जमीन लीजची. मुंबईचे नातेवाईक म्हणतात ५१ टक्के सभासदांची संमती पुरे, ठराव करा. आमच्यात नऊ तयार आहेत. पुरेल का?

—

निवृत्त_भूमापक

तुमची सोसायटी आहे की अपार्टमेंट? ५१ टक्के म्हणतात ते सहकारी संस्थांच्या कलम ७९-अ खालचे निर्देश, ४ जुलै २०१९ चे. ते नोंदणीकृत गृहनिर्माण संस्थेला लागतात. नागपुरात जुन्या इमारतींचा मोठा भाग १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली, घोषणापत्र करून झालेला आहे. तिथे जमिनीतला अविभाज्य हिस्सा प्रत्येक फ्लॅटच्या दस्तात लिहिलेला असतो, मालक बारा जण, संस्था नव्हे. मुंबईचा ठराव तिथे तसाच्या तसा चालत नाही. घोषणापत्र काढा, त्यातल्या अटी वकिलाकडून वाचून घ्या.

शिवाय जमीन नझूलची असेल तर आखीव पत्रिकेवर बघा पट्टेदार म्हणून नाव कोणाचं आहे. पुष्कळदा मूळ पट्टेदाराचंच असतं. फ्लॅट विकून तो मोकळा झाला, बारा जणांची नावं चढलीच नाहीत. मग रूपांतराचा अर्ज करणार कोण? आधी नावं, मग अर्ज, मग बिल्डर.

—

प्रतापनगर_अपार्टमेंट

आताच बघितलं. मूळ मालकाचंच नाव आहे. ते वारले. मुलगा परदेशात.

—

निवृत्त_भूमापक

मग त्याच्याकडून मुखत्यारपत्र लागेल. तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित करून, इथे आल्यावर मुद्रांक भरून. ‘विक्री’ हा शब्द घालू नका, फक्त नोंदी आणि रूपांतराच्या अर्जापुरते अधिकार लिहा, म्हणजे तोही घाबरणार नाही. आणि बाराही जणांचे नोंदणीकृत दस्त एकत्र लावा. एखाद्याचा दस्त हरवला असेल तर दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित नक्कल मिळते.

—

धंतोलीचा_नातू

सगळ्यांना धन्यवाद. बिल्डरला कळवलं की आधी आम्ही स्वतःच्या पैशाने वर्ग-१ करणार, करार त्यानंतर. तो म्हणाला, मग दर बदलेल. बदलू दे.

डॉक्टरांशी बोललो. ते तळमजला सोडायला तयार नाहीत, आणि भाडे नियंत्रण कायद्याने त्यांना उठवणं सोपं नाही हे मला ठाऊक आहे. त्यांनाच नव्या इमारतीत जागा द्यावी लागेल असं दिसतं, म्हणजे आमच्या तीन फ्लॅटमधून अजून काहीतरी जाणार. क्षेत्राचं विवरण मात्र त्यांनी सहीनिशी द्यायचं कबूल केलं.

आर्किटेक्ट साहेब, रस्ता मोजला. आमच्या फाटकासमोर ८.४ मीटर भरतो. मंजूर लेआउटची नक्कल मागवली आहे, त्यात काय निघतं ते इथे टाकतो. आत्याच्या थोरल्या मुलाची सही अजून बाकी आहे, त्याला फ्लॅट नको, रोख हवेत.